रक्त कमी आहे, पण कशामुळे?

आई-बाबांनो, तपासणीचा कागद हातात पडला की तुमची नजर आधी एकाच आकड्यावर जाते. हिमोग्लोबिन ९.२, आणि शेजारी ठळक अक्षरात ‘लो’. लगेच म्हणता, “डॉक्टर, रक्त वाढायला काहीतरी लिहून द्या.” तोवर घरी आजीने बीट आणि डाळिंब सुरू केलेलं असतं, शेजारच्या काकूंनी एक टॉनिक सुचवलेलं असतं आणि मेडिकलमधून ती बाटली आलेलीही असते. ही घाई मला समजते. लेकराला रक्त कमी आहे म्हटल्यावर कुठल्या आईबापाच्या पोटात कालवाकालव होत नाही? पण या धांदलीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि मला तुमच्याशी त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. रक्त कमी झालं, ते कशामुळे?

रक्तक्षय हे आजाराचं नाव नाही, ते लक्षण आहे. त्याच्यामागे दहा वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. बहुतेक मुलांमध्ये कारण लोहाची कमतरता हेच निघतं, हे खरं. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळी’ नव्हे. तुमचं मूल उरलेल्यांपैकी असेल, तर आयर्नच्या बाटल्या रिकाम्या होत राहतात आणि खरा आजार तसाच मागे राहतो.

आधी थोडा धीर देते. हे फक्त तुमच्याच घरी घडतंय असं अजिबात समजू नका. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या भारतीय मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळपास ६९ टक्के होतं. म्हणजे अंगणवाडीत ओळीने बसलेल्या दर तीन मुलांपैकी दोघांना. त्यात गाडीतून येणाऱ्यांची मुलं आहेत, ऊसतोड कामगारांचीही आहेत. तेव्हा “आमच्याकडे खाण्यापिण्याची काही कमी नाही हो” असं कुणी अपराधी चेहऱ्याने सांगू लागलं, की मी त्यांना थांबवते. हा खटला नाही. आपण फक्त कारण शोधतोय.

कागदावरच्या त्या ‘लो’बद्दलही थोडं सांगते. काही लॅबच्या छापील नमुन्यात शेजारी दिलेली मर्यादा मोठ्या माणसांची असते. मुलांची मर्यादा वयाप्रमाणे बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या निकषांनुसार सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत १०.५च्या खाली, दोन ते पाच वर्षांत ११च्या खाली, पाच ते अकरात ११.५च्या खाली आणि बारा ते चौदात १२च्या खाली गेलं, तर रक्तक्षय म्हणायचा. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाचं ११.६ लाल शाईत छापून आलं, तरी तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. बोट टोचून काढलेल्या थेंबावरही फार विसंबू नका. बोट जोरात पिळलं की रक्तात पाणचट द्रव मिसळतो आणि आकडा चुकतो. शंका असेल तर शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासलेलं बरं.

आता लोहाकडे येते, कारण आपल्या घरांतलं सगळ्यात मोठं कारण तेच.

बाळ आईच्या पोटातून लोहाची शिदोरी घेऊन येतं. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला ती चार ते सहा महिने पुरते. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाची शिदोरी लवकर संपते, म्हणून त्याला आयर्नचे थेंब लवकर सुरू करावे लागतात. आईच्या दुधात लोह थोडं असतं, पण त्यातलं जवळपास निम्मं बाळाच्या अंगी लागतं. सहा महिन्यांनंतर मात्र तेवढ्याने भागत नाही, वरचं अन्न लागतंच. नेमकी इथेच आपली गाडी अडते. उष्टावण थाटात होतं, चांदीच्या वाटीतून खीर भरवली जाते आणि पुढचे चार महिने बाळ भाताची पेज, वरणाचं पाणी आणि बिस्कीट यांवर राहतं. वरणाच्या पाण्यात पाणीच जास्त आणि वरण नावाला. बाळाला घट्ट, मऊ घोटलेली डाळ द्या, त्यात भाजी कुस्करून घाला. तुमच्या घरी चालत असेल तर अंडं आणि मऊ शिजवलेलं मटणही सातव्या-आठव्या महिन्यापासून देता येतं.

त्यानंतर येतं दूध. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दवाखान्यात मला ही गोष्ट सतत दिसते. दीड-दोन वर्षांचं गुबगुबीत, गोरंपान दिसणारं मूल. नीट पाहिलं की कळतं, तो गोरेपणा नाही, तो फिकटपणा आहे. खालची पापणी ओढून पाहावी तर आतली लाली गेलेली, तळहात पांढुरके. जेवणाचं विचारलं की आई रडकुंडीला येते. “एक घास खात नाही हो. मग निदान दूध तरी पोटात जाऊ दे म्हणून बाटली देते.” दिवसाला चार बाटल्या, कधी पाच. आता हिशेब पाहा. या वयाच्या मुलाला रोज सात-आठ मिलीग्रॅम लोह लागतं आणि लिटरभर गाईच्या दुधात ते असतं जेमतेम अर्धा मिलीग्रॅम. त्यात दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. एक वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध दिलं, तर काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारं रक्तही झिरपत राहतं. पोट दुधाने भरलेलं म्हणून भूक नाही, भूक नाही म्हणून जेवण नाही, जेवण नाही म्हणून पुन्हा दूध. शिवाय लोह कमी झालं की भूक आणखी मरते. हा फेरा तोडायचा तर दूध दिवसाला दोन कपांवर, म्हणजे चारशे-पाचशे मिलिलिटरवर आणा आणि बाटली बंद करून पेल्याने द्या. पहिले तीन-चार दिवस घर डोक्यावर घेतलं जाईल. आजी-आजोबांचा जीव तुटेल, म्हणून त्यांना आधीच विश्वासात घ्या. एकट्या आईने हे रेटायचं म्हटलं तर तिसऱ्या दिवशी बाटली परत येते.

चहाचंही तसंच. सकाळी चहात बुडवलेली चपाती किंवा बिस्कीट हा आपल्याकडे कित्येक मुलांचा नाश्ता आहे. चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. मुलांना चहा नकोच. मोठ्यांनीही जेवणाला लागून चहा घेऊ नये, निदान तासभर जाऊ द्यावा.

आणि बीट-डाळिंब? जरूर द्या, चांगली फळं-भाज्या आहेत. पण लाल रंगाचा रक्ताशी काही संबंध नाही. दोन्हींत लोह अगदी थोडं असतं. गुळातलं लोह गुळागणिक बदलतं, त्याच्या भरवशावर उपचार होत नाही. पालकात लोह दिसतं खरं, पण त्यातलं अंगी फार कमी लागतं. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, चवळी, राजगिऱ्याची आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी, तीळ, हळीव, खारीक हे आपलं जुनं, भरवशाचं खाणं आहे. मोड आणल्याने आणि आंबवल्याने कडधान्यांतलं लोह मोकळं होतं. त्यावर लिंबू पिळलं किंवा जेवणानंतर पेरूची फोड, आवळा दिला, तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषलं जातं. मटण, कलेजी, मासे यांतलं लोह शरीर सगळ्यात सहज घेतं, म्हणून जे खातात त्यांनी मुलाच्या ताटात नुसता रस्सा न वाढता फोडही वाढावी. माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई आणि तवा खाली काढा. आंबटसर आमटी-भाजी त्यात शिजवली की अन्नात लोह उतरतं.

लोह म्हणजे फक्त रक्त असं मात्र समजू नका. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची बांधणी चालू असते आणि तिथे लोह लागतं. ते कमी पडलं तर मूल किरकिरं होतं, खेळता खेळता थकतं, शाळेत त्याचं लक्ष लागत नाही. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, भिंतीचे पोपडे खाणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. “कॅल्शियम कमी असेल” म्हणून त्यांना कॅल्शियमचं औषध देतात, नाहीतर मार देतात. अशा मुलांच्या रक्तातलं लोह तपासा. पुष्कळदा ते कमी निघतं आणि भरून आलं की मातीची ओढ आपोआप सुटते. रडता रडता श्वास कोंडून निळी पडणारी लहान मुलंही कित्येकदा आयर्नने सुधारतात. त्या मुलाला हट्टी ठरवू नका.

आता तपासण्या. नुसतं हिमोग्लोबिन नको, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची पूर्ण मोजणी करून घ्या. फारशी महाग नसते आणि बरंच काही सांगून जाते. त्यात एमसीव्ही असं लिहिलेलं असतं, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. पेशी लहान असतील तर संशय लोहावर किंवा थॅलेसेमिया या आनुवंशिक आजारावर, मोठ्या असतील तर बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडवर. दोन्ही कमतरता एकाच वेळी असतील तर आकार मधलाच दिसतो आणि फसायला होतं, म्हणून काचपट्टीवर पेशी प्रत्यक्ष पाहणंही महत्त्वाचं. फेरिटिन ही तपासणी शरीरातला लोहाचा साठा सांगते. हिमोग्लोबिन उतरायच्या आधीच फेरिटिन उतरतं. पण ताप किंवा संसर्ग चालू असताना ते उगाचच वाढलेलं दिसतं. त्यामुळे मूल तापाने फणफणलेलं असताना काढलेलं ‘नॉर्मल’ फेरिटिन पाहून निश्चिंत होऊ नका. बरं झाल्यावर पुन्हा करा.

महिना-दीड महिना आयर्न नीट देऊनही आकडा हलत नसेल, पेशी फारच लहान आणि संख्येने मात्र भरपूर असतील, तर थॅलेसेमियाचा विचार करावा लागतो. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी ही तपासणी आहे. थॅलेसेमिया मायनर म्हणजे नुसता वाहक. त्याला काही त्रास नसतो, औषध लागत नाही, आणि लोह खरोखर कमी असल्याशिवाय आयर्नही लागत नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल. त्या बाळाला पहिल्या एक-दोन वर्षांतच रक्त चढवायची वेळ येते आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी ते चढवावं लागतं. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे, पण इतर घरांतही ते सापडतात. मूल वाहक निघालं तर आई-बाबा आणि भावंडं, सगळ्यांनी तपासणी करून घ्या. हे लपवायची गोष्ट नाही. पत्रिकेसोबत हा कागद पाहिला गेला तर एखादं घर आयुष्यभराच्या यातनेतून वाचेल.

विदर्भात, विशेषतः गडचिरोलीत, आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल विसरून चालत नाही. तिथे फिकट मुलाचे हातपाय सुजून दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, हाडं वारंवार ठणकत असतील, तर आधी सिकलसेलची तपासणी. या मुलांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि लवकर फुटतात. त्यांचं रक्त लोहाअभावी कमी झालेलं नसतं, म्हणून नुसतं आयर्न देत राहणं चुकीचं. त्यांना फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, लसी आणि गरजेनुसार हायड्रॉक्सीयुरिया हे औषध लागतं. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात ही तपासणी सरकारी केंद्रांवर मोफत होते.

आणि बी-१२. शाकाहारी घरांत याची आठवण ठेवायलाच हवी. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने गरोदर मातांचा जो अभ्यास झाला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळलं. आईतच नसेल तर तिच्या दुधात कुठून येणार? आठ-दहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ हसायचं थांबलं, बसायला लागलेलं पुन्हा लोळायला लागलं, बोटांच्या पेरांवर काळपटपणा आला, हात थरथरू लागले, तर एक दिवसही थांबू नका. बी-१२ दिल्यावर अशी बाळं काही दिवसांतच पुन्हा हसायला लागतात. उशीर झाला तर मात्र मेंदूवर परिणाम उरू शकतो.

सगळे रक्तक्षय लोहाचे नसतात, याचा एक मोठा पुरावा आपल्या मुंबईत मिळाला. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये इथे आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा रक्तक्षय होत असे. लुसीबाई त्या बायका काय खातात, कशा राहतात याच्या खोलात शिरल्या आणि यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो हे त्यांनी १९३१ साली छापून दाखवलं. त्या अर्कातलं औषधी द्रव्य म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. आज गरोदर बाईला फॉलिक ॲसिडची जी गोळी मिळते, तिचं मूळ त्या चाळींतल्या बायकांच्या ताटात आहे. कशामुळे, हा प्रश्न लुसीबाईंनी सोडला नाही, म्हणून ते सापडलं.

कारण लोहच निघालं, तर उपचार सोपा आहे. पण तो नीट करावा लागतो. डोस मुलाच्या वजनावर ठरतो, चमच्याच्या अंदाजाने नाही. बाटलीवर ‘एलिमेंटल आयर्न’ किती मिलीग्रॅम आहे ते वाचा, कारण दोन कंपन्यांच्या सिरपमध्ये मोठा फरक असतो आणि ब्रँड बदलला की डोसही बदलू शकतो. दुधासोबत देऊ नका. जेवणाच्या तासभर आधी, लिंबाच्या पाण्यासोबत दिलेलं उत्तम. पोट बिघडत असेल तर जेवणानंतर द्या, पण द्या. शी काळी होईल, त्याने घाबरून औषध थांबवू नका. दात काळपट होऊ नयेत म्हणून ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी पाजा.

दोन-चार दिवसांत चिडचिड कमी होते, भूक उघडते. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एकाने वाढायला हवं. नाही वाढलं, तर डोस वाढवायच्या आधी पुन्हा तोच प्रश्न: कशामुळे? औषध खरंच पोटात जातंय का? दूध कमी झालं का? जंत आहेत का? अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या पायाच्या कातडीतून अंकुशकृमी शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत मिळणारी गोळी म्हणूनच चुकवू नका. अंगणवाडीतलं आयर्नचं सिरप आणि शाळेतल्या गुलाबी-निळ्या गोळ्याही चांगल्या आहेत. त्या दप्तरातून कचऱ्यात जाऊ देऊ नका. फक्त उपाशीपोटी नकोत, शालेय पोषण आहारानंतर घेतल्या की मळमळ होत नाही.

आकडा ठीक झाला की औषध बंद करायचा मोह होतो. तो आवरा. रक्त भरलं तरी साठा रिकामाच असतो. तो भरायला आणखी दोन ते तीन महिने लागतात. औषध मध्येच सोडलेली मुलं पावसाळ्यानंतर त्याच आकड्यावर परत येतात.

आणि हात जोडून सांगते, ही बाटली कपाटात वर, कुलपात ठेवा. सिरप गोड असतं, गोळ्या चॉकलेटसारख्या दिसतात. लहान मुलाने एकदम जास्त गिळल्या तर आयर्नची विषबाधा होते, जीव जाऊ शकतो. सुरुवातीच्या उलट्या-जुलाबांनंतर काही तास मूल बरं झाल्यासारखं दिसतं, त्या दिसण्याला भुलू नका. गिळल्याचा नुसता संशय आला तरी बाटली सोबत घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात जा.

घरात वयात आलेली मुलगी असेल तर तिच्याशी पाळीबद्दल मोकळेपणाने बोला. रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालतो का, दर तासा-दोन तासाला पॅड भिजतं का, मोठ्या गाठी जातात का, हे आईने विचारायला हवं, आणि आई नसेल तेव्हा बाबांनीही. “सगळ्याच बायकांना होतं” म्हणून सोडून दिलेल्या काही मुलींमध्ये रक्त न गोठण्याचा आजार निघतो. तो औषधांनी आटोक्यात राहतो.

शेवटची विनंती खास आईला आहे. मुलाची तपासणी करायला याल तेव्हा त्याच लॅबमध्ये तुमचंही रक्त द्या. सुरुवातीला सांगितलेल्या त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या बाईला दम लागतो, केस गळतात, जिना चढताना छातीत धडधडतं, आणि ती त्याला कामाचा थकवा म्हणते. बाबांनो, ती स्वतः सांगणार नाही. दोन्ही नळ्यांचे पैसे एकदमच भरा.